झाडावर चढण्याआधी

गेल्या खेपेला साठवणीच्या लोणच्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देईन. रागावू नका, पण आज त्या गठ्ठ्यातलं एक वेगळंच पत्र आधी घेते आहे. ते थांबण्यासारखं नाही.

पत्र चाकणच्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे. यजमान गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर होते. कंत्राट संपलं, त्याला आता तीन महिने झाले. मित्राने त्यांच्या डोक्यात भरवलं आहे की पावसाळ्याच्या तोंडावर झाडं तोडायची कामं हवी तेवढी मिळतात. एक कटर मशीन घ्यायचं, दोन गडी धरायचे, की दिवसाचे चार-पाच हजार कुठे गेले नाहीत. मशीनला पैसे हवेत, आणि बाईंजवळ आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या आहेत. "ताई, पाटल्या मोडू की नको, एवढंच सांगा," असं शेवटी लिहिलं आहे.

हे पत्र वाचून मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. कारण तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरात हे सगळं घडून गेलं आहे. आमच्याकडे पाटल्यांच्या जागी गोठ होते, एवढाच काय तो फरक.

आमचे धाकटे भावजी असेच चाकणच्या एका कारखान्यात होते. काम सुटलं तेव्हा धाकट्या जाऊबाईंच्या पदरात पहिलीतला मुलगा आणि डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. भावजींना असाच कोणीतरी भेटला आणि असंच सांगून गेला. गोठ गहाण पडले, चाळीस हजार हातात आले, त्यातले अठ्ठावीस हजार मशीनमध्ये गेले. मशीन घरी आलं तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सासूबाई मात्र पुढे आल्या नाहीत. "झाडावर हत्यार चालवायचं आणि त्याची पूजा करायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही," म्हणून त्या आत जाऊन बसल्या.

आता खरं सांगते, मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्या या पट्ट्यात झाडांचं काम खरोखरच आहे. चिंचवडचं नावच मुळी चिंच आणि वड यांवरून पडलं असं म्हणतात. पण आज आपण जी झाडं पाहतो ती बहुतेक कारखान्यांबरोबर आलेली आहेत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागोमाग एमआयडीसी, टेल्को, बजाज आले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघालं. टेल्कोत तर सुमंत मुळगावकरांनी कारखान्याच्या आवारात तळं करून घेतलं आणि भोवती झाडी उभी केली, हे तिथे नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, तो अभिमानाने सांगेल. वसाहतींतून, बंगल्यांपुढे, रस्त्याकडेला गुलमोहर, वर्षावृक्ष, सोनमोहर, निलगिरी, सुबाभूळ असं पटकन वाढणारं बरंच काही लागलं. ती रोपटी आता चाळीस-पन्नास वर्षांची झाली. वर विजेच्या तारा, खाली फरसबंदी, मध्ये झाड. त्याच्याकडे शहाणपणाने बघणारं माणूस मात्र गल्लीत शोधून सापडत नाही. सापडतो तो कोयता घेऊन येणारा.

आमचे भावजीही तसेच कोयता घेऊन गेले, त्याला पेट्रोलचं मशीन जोडलेलं होतं इतकंच. पहिली दोन कामं सुखरूप पार पडली. तिसरं काम एका सोसायटीतल्या गुलमोहराचं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मे महिन्याची संध्याकाळ, झाड लालभडक फुललेलं. मांडीएवढी जाड फांदी पार्किंगवर आली होती. भावजी काथ्याचा दोर कमरेला गुंडाळून वर चढले आणि वरून एकाच दमात फांदी कापायला घेतली. अर्धी कापली गेली आणि स्वतःच्या वजनाने वाकली. तुटली नाही, खोडावरची साल हातभर सोलत खाली गेली आणि तिचा कापलेला बुंधा उलटा येऊन त्यांच्या छातीवर आदळला. काथ्याचा दोर तटकन तुटला. दहा-बारा फुटांवरून ते फुलझाडांच्या वाफ्यात पडले म्हणून वाचले. दोन हात पलीकडे पडले असते तर खाली फरशी होती. कॉलर-बोन मोडलं. सोसायटीच्या पाण्याचा पाइप फुटला, त्याची भरपाई आम्ही दिली. जाऊबाई पदर खोचून खालीच उभ्या होत्या. त्या संध्याकाळबद्दल त्या अजून बोलत नाहीत.

दीड महिना भावजी घरी पडून होते. मशीन पलंगाखाली. मी म्हटलं, विकून टाका आणि गोठ सोडवा. हेही तेच म्हणाले. पण जाऊबाई माहेरच्या नारायणगावकडच्या. घरी द्राक्षांचा मळा. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी हे शब्द त्यांनी बाराखडीच्या आधी ऐकलेले. त्या मला म्हणाल्या, "ताई, आमच्या मळ्यात पोरगं दोन हंगाम नुसतं बघत उभं राहतं, मग त्याच्या हातात कात्री देतात. कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला काढायचा ते कळायला वेळ लागतो. आणि आम्ही इथे पहिल्या दिवशी मशीन घेतलं!"

त्या दीड महिन्यात बाई शिकल्या. श्री. द. महाजनांची 'देशी वृक्ष' आणि 'विदेशी वृक्ष' ही पुस्तकं मी शाळेच्या ओळखीतून मिळवून दिली. मुलाला शाळेत सोडून त्या रस्त्याने झाडं ओळखत घरी यायच्या. एका रविवारी आम्ही दोघी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेलो. डबा खाल्ला आणि मोठाल्या जुन्या झाडांच्या फांद्या खोडाला कशा जुळल्या आहेत ते पाहत हिंडलो. लोक आमच्याकडे पाहत होते, पाहू देत.

तिथे त्यांनी मला जे दाखवलं ते तुम्हालाही दाखवते. फुग्याची बाही खांद्याला जोडतो तिथे कशा चुण्या येतात? तशीच फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. फांदी कापायची ती या वळीच्या बाहेर. वळीसकट खोडाला घासून कापली तर जखम मोठी होते आणि वळीत असलेली झाडाची जखम झाकायची ताकदच जाते. उलट हातभर खुंट ठेवून कापली तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि कूज आत उतरते. आपण म्हणतो झाडाची जखम भरते, तेही तितकंसं बरोबर नाही. आपल्या कातडीसारखं झाडाचं नसतं. ते कुजकं लाकूड आतल्या आत भिंत घालून वेगळं पाडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो म्हणून एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. जखमेवर डांबर, रंग फासून कूज थांबत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. जाऊबाईंना हे पटायला जड गेलं, कारण मळ्यात मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतातच. फळबागेचं शास्त्र वेगळं, रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाचं वेगळं, असा त्यांनी शेवटी मनाशी निकाल केला.

आणि जाड फांदी एका घावात कधी कापायची नाही, तीन घाव घालायचे. पहिला घाव खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, पाव-एक भाग आत जाईल इतका. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्याने फांदी सुटून पडते आणि साल सोलायची झाली तरी खालच्या घावाशी येऊन थांबते. मग उरलेला खुंट वळीच्या बाहेरून नीट कापायचा. पाच मिनिटं जास्त लागतात. भावजींनी हे ऐकलं तेव्हा पट्टीतला हात तसाच धरून ते बराच वेळ गप्प बसले.

पुन्हा काम सुरू केलं ते मात्र वेगळ्या रीतीने. वर चढताना मशीन न्यायचं नाही. वर वाकडी हातकरवत, मशीन जमिनीवर पडलेली फांदी तोडायला. काथ्याचा दोर बाद. माणसाचा दोर वेगळा आणि फांदीचा दोर वेगळा, दोन्ही कधी एक करायचे नाहीत. हेल्मेट, चष्मा, पूर्ण पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट. खाली एक माणूस शिट्टी घेऊन, तो दुसरं काही करणार नाही. तारेजवळची फांदी असेल तर महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही म्हणो "काही होत नाही हो." पाऊस पडून गेल्यावर ओल्या खोडावर चढायचं नाही. हे सगळं साहित्य मशीनच्या निम्म्या किमतीत आलं. आधी हेच घेतलं असतं तर!

शिट्टी जाऊबाईंच्या गळ्यात असते. आणि धंद्याचा निम्मा भाग जमिनीवरच असतो, हे आम्हाला हळूहळू कळलं.

पहिलं म्हणजे तपासणी. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? त्या लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकत जातात. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ खोडाचा वेगळा. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, झाड नुकतंच कलायला लागलं आहे का, कललेल्या बाजूच्या पाठीमागे जमिनीला भेग आहे का, भर पावसाळ्यातही कुठली फांदी बिनपानाची आहे का, दोन जाड फांद्या इंग्रजी व्हीसारख्या चिकटून वाढताना मध्ये साल दाबली गेली आहे का, हे बघतात. आणि विचारतात, गेल्या वर्षी इथे ड्रेनेजसाठी किंवा केबलसाठी खणलं होतं का? झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. एका बाजूची मुळं खणून तोडली की झाड त्या दिवशी पडत नाही. पुढच्या पावसात पडतं, आणि मग लोक म्हणतात, चांगलं हिरवंगार होतं हो!

या बघण्याचे त्या पाचशे रुपये घेतात. सुरुवातीला सगळे म्हणायचे, "बघायचे कसले पैसे?" डॉक्टरला आपण बघण्याचेच देतो. मी त्यांना सांगितलं, पावती पुस्तक छापून घे आणि काय पाहिलं ते लिहून दे. लिहिलेल्या कागदाला लोक पैसे देतात, हा माझा शिक्षिकेचा अनुभव! अमेरिकेत १९२४ पासून वृक्षतज्ज्ञांची संघटना आहे, ती परीक्षा घेते. आपल्याकडे मुंबईत वैभव राजे यांच्या ट्रीकोटेकसारख्या संस्था झाडांची तपासणी आणि निगा हाच व्यवसाय करतात. जाऊबाई काही तेवढ्या मोठ्या झालेल्या नाहीत. पण असा एक धंदा असतो आणि तो तोडणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, हे कळल्यावर त्यांचा धीर वाढला.

दुसरं काम परवानगीचं. इथे आम्ही एकदा शेकून निघालो आहोत, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका बंगल्यात मालकिणीने सांगितलं, झाड माझं, अंगण माझं, कापा. भावजींनी दोन फांद्या उतरवल्या आणि शेजाऱ्याने तक्रार केली. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ सालचा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 'तोडणे' याचा अर्थ नुसतं बुंध्यातून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, झाडाला कोणत्याही तऱ्हेने इजा करणं हे सगळं त्यात येतं. अंगण आपलं असलं तरी. शिक्षेत दंड आणि कैद दोन्ही आहेत. त्या दिवशी चूक आमचीच होती. माफीनामा लिहून आणि खेटे घालून सुटलो. तेव्हापासून जाऊबाई आधी अर्जाची प्रत मागतात. महापालिकेकडे अर्ज जातो, वृक्ष अधिकाऱ्याची माणसं येऊन पाहतात, परवानगीत किती फांद्या ते लिहिलेलं असतं. झाड पडायलाच आलं असेल तर कायद्यात तातडीची सोय आहे, पण लगोलग कळवावं लागतं आणि फोटो काढून ठेवलेले बरे.

२०२१ साली या कायद्यात मोठी सुधारणा झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष धरतात. परवानगीने झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, ती किमान सहा फुटी हवीत आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची. म्हणजे चाळीस वर्षांचा वर्षावृक्ष पाडला तर चाळीस रोपं. हा हिशेब मांडला की पुष्कळ सोसायट्या म्हणतात, राहू द्या, छाटणीच करा. जाऊबाईंचं पोट यावरच चालतं असं म्हटलं तरी चालेल.

चाकणच्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावं: तुमच्याकडे हद्दी गुंतागुंतीच्या आहेत. नगरपरिषदेत एक दार, एमआयडीसीच्या आवारात दुसरं, आणि शेजारच्या गावच्या शेतजमिनीत तिसरंच. खेड्यांसाठी १९६४ सालचा वेगळा कायदा आहे. त्यात आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, साग, हिरडा, खैर, चंदन अशा झाडांची यादीच दिली आहे. काम घेताना दर विचारण्याच्या आधी हद्द विचारा. आणि तोडलेलं लाकूड कोणाचं, ते कोण नेणार, हेही आधीच लिहून घ्या. आमचे सगळ्यात जास्त वाद झाडावरून नाही, सरपणावरून झाले आहेत.

परवानगी असली तरी घरटी बघावी लागतात. पावसाळ्याआधी सगळ्यांनाच छाटणीची घाई, आणि नेमकी तीच पाखरांच्या पिल्लांची वेळ. घरट्यांत पिल्लं असताना फांदी पाडली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अडकायला होतं. जाऊबाई म्हणूनच लोकांना हिवाळ्यातच तपासणी करून घ्या म्हणतात. फार कोणी ऐकत नाही.

आता धंद्यातली खरी परीक्षा सांगते. शंभरातल्या साठ-सत्तर गिऱ्हाइकांना काय हवं असतं? "सगळं साफ करून टाका. पानं गच्चीवर पडतात, गटार तुंबतं." म्हणजे झाडाचं मुंडण. शेंडा छाटून नुसते ठोकळे उभे ठेवायचे. आपल्या शहरात पावसाळ्याआधी अशी ठोकळ्यांची रांग दिसते, तुम्ही पाहिली असेलच. पान हे झाडाचं स्वयंपाकघर. ते एकदम बंद केलं की झाड घाबरून साठवलेलं सगळं बाहेर काढतं आणि त्या ठोकळ्यांवर झाडूसारखे कोंब फुटतात. हे कोंब आतून रुजलेले नसतात, सालीपाशीच चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते जाड होतात आणि वाऱ्याने उखडून पडतात. म्हणजे ज्या भीतीने मुंडण केलं तीच पुन्हा दारात. कापणाऱ्याचं मात्र बरं असतं, त्याला दर दोन वर्षांनी बोलावणं येतं.

जाऊबाई मुंडण करत नाहीत. पहिल्या वर्षी यापायी त्यांनी कामं घालवली. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पैसे आम्ही देणार, झाड आमचं, तुम्ही शिकवू नका." त्या दिवशी घरात हप्त्याचे पैसे नव्हते. भावजी म्हणाले, कापून येऊ, आपण नाही तर दुसरा कापेल. मला स्वतःलाही त्या वेळी भावजींचंच पटलं होतं, हे इथे कबूल करते. जाऊबाईंनी हप्त्यासाठी माझ्याकडून उसने घेतले, पण गेल्या नाहीत. दुसऱ्याने कापलं. त्या झाडांचं आता काय झालं आहे ते सांगत नाही. त्या वाटेने मी शाळेत जाते, मला रोज दिसतं.

पण झाड राखायचं म्हणजे काहीच कापायचं नाही, असंही त्यांचं नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. दूरदर्शनच्या माजी निवेदिका होत्या त्या, आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. ते झाड धोक्याचं आहे अशी आधी तक्रार झाली होती. जाऊबाईंनी त्या बातमीचं कात्रण वहीत चिकटवून ठेवलं आहे. एका बालवाडीच्या आवारातला पोकळ सोनमोहर त्यांनी स्वतः अर्ज करायला लावून पाडून घेतला. लोक म्हणाले, आता झाड राखणाऱ्या बाईच झाड पाडायला लागल्या.

पैशाचं सांगायचं तर घरगुती कामांवर घर चालत नाही, ती पावसाळ्यापुरती. बारमाही काम कंपन्यांचं. भोसरी-चाकणकडच्या कंपन्यांना आवारातली झाडं वर्षाच्या कराराने राखून घ्यायची असतात, आणि गुरुवारची सुट्टी असली की यंत्रं बंद, माणसं नाहीत, म्हणून काम गुरुवारी. तिथे भावजींची जुनी नोकरी उपयोगी पडली. उंचीवरच्या कामाचं परमिट, सेफ्टी ऑफिसरची सही, गड्यांचा विमा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ज्यांनी काथ्याच्या दोराने चढून हाड मोडून घेतलं तेच आता गड्यांचे बेल्ट ओढून बघतात! पण कंपनीचं बिल हातात पडायला वेळ लागतो. उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट होते, त्याला एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. बिलाच्या खाली नोंदणीचा क्रमांक छापलेला असला की माणूस जरा लवकर हलतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर अशा सेवेला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. काही कंपन्या मात्र ती मागतातच. विम्यात मात्र काटकसर नको. चढणाऱ्या गड्याचा आणि खाली दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, असे दोन्ही. आमच्या गुलमोहराच्या वेळी दोन्ही नव्हते.

लहान कामंही असतात, त्यांना कमी लेखू नका. खोडाला चिकटलेली फरशी उचकटून भोवती हातभर माती मोकळी करणं, खिळे आणि तारा काढणं. दिल्लीत २०१३ साली हरित लवादाने झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे २०१८ साली 'आंघोळीची गोळी' या संस्थेच्या मुलांनी झाडांचे खिळे काढायची मोहीम केली. जाऊबाईंनी पहिले कित्येक आठवडे हेच काम केलं. त्यात चढावं लागत नाही, पडायची भीती नाही आणि गिऱ्हाइकाची ओळख होते. वळवाच्या आधी ज्यांचे खिळे काढले, त्यांतल्याच एका बाईंनी पुढे त्यांच्या यजमानांच्या कंपनीत नाव सुचवलं.

सासूबाईंचं राहिलं. गेल्या ज्येष्ठात वटपौर्णिमेच्या आठवडाभर आधी मंडईतला एक माणूस दारात आला. वडाच्या फांद्या हव्यात, दोन टेंपो, रोख पैसे, झाड कुठलंही चालेल. आपणच त्या फांद्या विकत घेतो आणि कुंडीत खोचून सूत गुंडाळतो, नाही का? मीही वर्षानुवर्षं घेतली आहे, फ्लॅटमध्ये वड कुठून आणायचा? जाऊबाई काही बोलायच्या आत सासूबाई आतून बाहेर आल्या आणि त्यांनीच त्याला वाटेला लावलं. वटपौर्णिमेला गुडघे दुखत असताना बाजूच्या गल्लीतल्या वडापर्यंत चालत गेल्या. परत येताना जाऊबाईंना म्हणाल्या, "त्या वडाच्या बुंध्याला कोणीतरी तार आवळली आहे गं. उद्या काढून ये." मशीनला मात्र त्या अजून हळदकुंकू वाहत नाहीत. गोठ यंदा पाडव्याला सुटले.

तर चाकणच्या भगिनींनो, पाटल्या पेटीत राहू द्या. मशीन पहिलं वर्ष भाड्याने मिळतं, आणि पहिले सहा महिने त्याची गरजही पडत नाही. पैसे घालायचेच तर दोर, बेल्ट, हेल्मेट, हातकरवत आणि विमा यांत घाला. ते पाटल्या न मोडता, भिशीच्या पैशांतही बसेल. तुम्ही स्वतः पावती पुस्तक आणि शिट्टी घ्या. आणि यजमानांना या गुरुवारी सकाळी सातला आमच्या जाऊबाईंकडे पाठवा. भोसरीत एका कंपनीत वर्षावृक्षाच्या वाळक्या फांद्या उतरवायच्या आहेत आणि खालचा दोर धरायला एक माणूस कमी आहे. हजेरी मिळेल, डबा घरून आणायचा. पत्ता वेगळ्या टपालाने कळवते.